धुरांडं नसलेल्या घरातली शेगडी

दिवाळीचे कंदील उतरले की पंधरवड्यातच अंबरनाथ पूर्वेचा संध्याकाळचा वास बदलतो. कानसई सेक्शन, वडवली सेक्शन, बी-केबिन रोड, पालेगावकडचे नवे टॉवर, कुठंही चाला. सात-साडेसातनंतर कुणी ना कुणी काहीतरी पेटवलेलं असतं. रिक्षास्टँडवर पुठ्ठे आणि पालापाचोळा, बांधकामाच्या फाटकाशी घमेल्यात लाकडाच्या ढलप्या, एखाद्या जुन्या चाळीत न्हाणीघराबाहेर तांब्याचा बंब. डोळे चुरचुरतात, पण त्या उजेडाभोवती माणसं जमतात, बोलतात, हात शेकतात. हिवाळ्यातलं हे सुख खरं आहे आणि ते कुणाकडून हिरावून घ्यावं असं मला मुळीच वाटत नाही. माझी काळजी वेगळी आहे. हीच आग रात्री घरात नेली जाते तेव्हा काय होतं, ते आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

आधी थंडीबद्दल. मुंबईला समुद्र सांभाळतो. सांताक्रूझच्या वेधशाळेतला आजवरचा नीचांक ७.४ अंश सेल्सिअस, २२ जानेवारी १९६२ चा. पण अशी रात्र तिथं अपवादानेच येते. अंबरनाथ-बदलापूर समुद्रापासून आत, उल्हास नदीच्या खोऱ्यात, डोंगरांच्या कुशीत आहे. आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडला की जमीन दिवसभराची ऊब भराभर सोडून देते, गार हवा जड होऊन खोऱ्यात साचते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत बदलापूरचा पारा मुंबईच्या बराच खाली उतरतो. जी हवा गारवा धरून ठेवते तीच धूरही धरून ठेवते. वर थोडी उबदार हवा, खाली गार हवा, आणि त्या झाकणाखाली आपण सगळे. गल्लीत पेटलेल्या दहा शेकोट्यांचा धूर अशा रात्री वर जात नाही, तो पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांशी रेंगाळतो. दम्याच्या माणसाला आणि तान्ह्या बाळाला तो सर्वांत आधी कळतो.

आगीशी या गावाचं नातं तसं जुनं. स्वीडिश भांडवलातून १९२३ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजे विम्कोचा, काडेपेट्यांचा कारखाना अंबरनाथला होता. देशातल्या कितीतरी चुली इथल्या काडीने पेटल्या. शेजारच्या उल्हासनगरात फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी आपला लाल लोईचा सण सोबत आणला. १३ जानेवारीला तिथं कॅम्पांच्या चौकांत लाकडं रचून होळीसारखी आग पेटते. आणि बदलापूरपासून कर्जत-पनवेलपर्यंतच्या शेतांवर पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा पाला, मडकं उपडं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ. मोकळ्या शेतात, डोक्यावर आभाळ, वाऱ्याची दिशा पाहून बसायची जागा ठरवलेली. आगीला जितकी हवा हवी तितकी तिला मिळते आणि माणसालाही मिळते. घराबाहेरच्या आगीचा मला दिसणारा उत्तम नमुना हाच. तिथंही दोन गोष्टी पाळायला हव्यात. नदीतले ओले गोटे चुलीला लावू नयेत, कारण आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात आणि कपच्या डोळ्यांत जातात. आणि उठताना विस्तव पाण्याने पूर्ण विझवावा, राख उलथून पुन्हा पाणी मारावं. पुढं फेब्रुवारीत मलंगगडाच्या बाजूचं गवत वाळलं की एक ठिणगी डोंगर पेटवते.

आता घरात येऊ.

आपल्याकडं विलायती धाटणीची भिंतीतली अंगीठी कधी नव्हती, ती महाबळेश्वरसारख्या ठिकाणच्या साहेबी बंगल्यांपुरती. पण घरात आग मात्र कायम होती. चूल होती, वैल होता, शेगडी होती, बंब होता. आणि धुरांडं नसतानाही ते घर एका रात्रीत माणसं मारत नव्हतं, कारण कौलारू छप्पर हेच धुरांडं होतं. कौलांच्या फटींतून, भिंत आणि वासे यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून गरम हवा सतत वर निघून जायची आणि दाराखालून नवी हवा आत यायची. ते घर निरोगी होतं असं मी म्हणणार नाही. त्या धुराने आपल्या आज्यांचे डोळे गेले, छाती गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या इंधनाच्या धुरामुळं २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, त्यांत पाच वर्षांखालची मुलं दोन लाखांहून अधिक. कौलारू घर हळूहळू मारत होतं. स्लॅबचं घर, काचेच्या सरकत्या खिडक्या, खाली रबरपट्टी लावलेलं दार आणि आत जळती शेगडी, हे मिळून एका झोपेत मारू शकतं. घर बदललं, छप्पर बदललं, शेगडी मात्र तीच राहिली.

यातला फसवा भाग धूर नसणं हा आहे. बाहेर शेगडी पेटवायची, धूर निघून जाऊ द्यायचा, कोळसे लाल झाले, वर पांढरी राख धरली की मग ती आत न्यायची, अशी रीत आहे. धूर संपला म्हणजे धोका संपला, असा त्यामागचा समज. प्रत्यक्षात धोका तिथं सुरू होतो. धूर म्हणजे लाकडातले न जळलेले कण आणि वाफा. तो डोळ्यांना झोंबतो, खोकला आणतो, माणसाला खोलीबाहेर काढतो. निखाऱ्यांत तेवढंही उरलेलं नसतं. उरतो तो जवळजवळ निव्वळ कार्बन. ढिगाच्या तळाशी हवा लागून कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो वरच्या लाल कोळशांतून जाताना त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. भरपूर हवेत निखाऱ्यांवर निळसर ज्योत नाचताना दिसते ना, ती या वायूच्याच जळण्याची. राखेखाली मंद होत गेलेल्या शेगडीवर ती ज्योत दिसत नाही. वायू न जळताच खोलीत पसरतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो हवेपेक्षा किंचित हलका असल्यामुळं सगळीकडं मिसळतो. जमिनीवर झोपलं काय किंवा पलंगावर, सुटका नाही.

रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं. म्हणून हवेत तो अगदी थोडा असला तरी तासागणिक रक्तात साचत जातो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, चक्कर येते. आपण म्हणतो पित्त झालं, नाही तर दगदग झाली. झोपलेल्या माणसाला तेवढंही कळत नाही. जागा असला तरी उठून दार उघडायला जावं तर पायांतलं बळ गेलेलं असतं. अनेक घटनांत मृतदेह दाराच्या दिशेने सापडतात ते यामुळंच.

एमिल झोला या फ्रेंच कादंबरीकाराचा मृत्यू असाच झाला. २९ सप्टेंबर १९०२ ची पहाट, पॅरिसचं घर, निजण्याच्या खोलीतल्या अंगीठीचं धुरांडं कुठंतरी तुंबलेलं. त्याची बायको वाचली, तो वाचला नाही. त्या घराला निदान धुरांडं होतं. आपल्या काळातली घटना अधिक जवळची आहे. जानेवारी २०२० मध्ये केरळचे पर्यटक नेपाळमधल्या दमन या थंड हवेच्या ठिकाणी एका रिसॉर्टमध्ये उतरले होते. थंडी म्हणून दारं-खिडक्या लावून खोलीत गॅसचा हीटर पेटवला. सकाळी त्या खोलीतले आठ जण बेशुद्ध आढळले आणि त्यांतला एकही वाचला नाही, त्यांत चार मुलं. दिल्ली आणि उत्तर प्रदेशातून दर जानेवारीत कोळशाच्या शेगडीमुळं कुटुंबंच्या कुटुंबं गेल्याच्या बातम्या येतात. आपण त्या वाचतो आणि तिकडची थंडी म्हणून पान उलटतो. पण या वायूला खोली बंद असली की पुरे.

आपल्याकडं ती बंद खोली बहुधा बाळंतिणीची असते. हिवाळ्यातलं बाळंतपण, चाळीस दिवसांची विश्रांती, वारं लागू नये म्हणून खिडकीला चादर, दाराखाली गोणपाट, आणि बाजेखाली कोळशाची शेगडी. त्यावर ओवा, बाळंतशेपा टाकायचे. बाळाला न्हाऊ घातलं की वेखंड, ओवा, लसणाच्या साली यांची धुरी द्यायची. मालिशवाल्या बायका ही रीत मायेने पाळतात. शेक दिला की कंबर सुटते, बाळ गाढ झोपतं, असं त्या सांगतात. त्यांच्या हाताला आणि अनुभवाला माझा नमस्कार आहे. नऊ महिने वाहिलेल्या शरीराला ऊब हवी, आराम हवा, कुणाचा तरी हात हवा, हे त्या ओळखतात. मात्र ही रीत कौलांखाली रुजली आणि आता ती तिसऱ्या मजल्यावरच्या दहा बाय दहाच्या खोलीत पाळली जाते. बाळ गाढ झोपतं याचा दुसराही अर्थ असू शकतो, तो मनात आला की अंगावर काटा येतो. तान्हं मूल मोठ्या माणसापेक्षा कितीतरी वेगाने श्वास घेतं, म्हणून हवेतलं विष त्याच्या अंगात लवकर भिनतं. आईच्या अंगात बाळंतपणानंतर रक्त कमी असतं. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहेच. आधीच थोड्या असलेल्या हिमोग्लोबिनपैकी काही या वायूने अडवलं तर उरतं किती?

या ठिकाणी मी तडजोड सुचवणार नाही. खिडकी किलकिली ठेवा आणि शेगडी चालू द्या, असं सांगणं सोपं आहे, पण पहाटे तीनला बाळ शिंकलं की ती खिडकी कुणीतरी लावणारच. बाळंतिणीच्या खोलीत निखारा नको, धुरी नको. शेक हवा तर गरम पाण्याची रबरी पिशवी घ्यावी, जाड फडक्यात गुंडाळून; किंवा स्वयंपाकघरात तव्यावर कापड गरम करून आणावं. पिशवी बाळाच्या अंगाशी ठेवू नये, त्याची कातडी फार नाजूक असते. बाळाला ऊब देण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग आईच्या छातीवर उघड्या अंगाने त्याला बिलगून ठेवणं आणि वरून दोघांना गोधडी, डोक्याला टोपडं. कमी वजनाच्या बाळांसाठी सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिका आयांना हेच शिकवतात. ओवा-बाळंतशेपांचं म्हणाल तर ते पोटात घेण्याची रीतही आपल्याकडं आहेच.

आणखी एक गोष्ट घराघरांत सांगायला हवी. करोनानंतर अनेक घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. डोकं दुखतंय, चक्कर येतेय म्हटल्यावर कुणीतरी तो लावून पाहतं, ९८ आकडा दिसतो आणि सगळे निश्चिंत होतात. या विषबाधेत तो आकडा खोटा असतो. ते यंत्र रक्ताचा लालपणा पाहतं आणि कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्तही लालच असतं. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना एकदम डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली, मोकळ्या हवेत बरं वाटलं, की ऑक्सिमीटरकडं न पाहता दारं-खिडक्या सताड उघडायच्या, सगळ्यांना बाहेर काढायचं, १०८ ला फोन करायचा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगायचं की खोलीत शेगडी होती. हे वाक्य महत्त्वाचं, कारण त्यावरून रक्ताची नेमकी तपासणी होते आणि ऑक्सिजन लगेच लागतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास घेतो, मास्कने दिलेल्या शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास.

न्हाणीघराचा विषय यालाच जोडून येतो. जुना बंब परसात किंवा गॅलरीत असायचा, तो तिथंच शोभतो. त्याची जागा गॅसच्या गीझरने घेतली आणि तो मात्र थेट बाथरूमच्या आत गेला. चार बाय सहाची खोली, वाफ कोंडावी म्हणून बंद झडप, भिंतीवर पेटलेला बर्नर. आतला प्राणवायू कमी होत जातो तसं गॅसचं जळणं अपुरं होतं आणि तोच वायू तयार होतो. मुंबईपासून नाशिकपर्यंत अंघोळीला गेलेली तरुण माणसं बाथरूममध्ये बेशुद्ध किंवा मृत आढळल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. गीझर बाहेर मोकळ्या जागी बसवून पाइपने पाणी आत आणणं हा काही तासांचा प्लंबरचा खर्च आहे. तो या दिवाळीतच करावा.

कोळशाबद्दल बोलताना तो पाडणाऱ्यांबद्दल न बोलणं बरं नव्हे. ठाणे-रायगडच्या वाड्यांवरची कातकरी कुटुंबं वर्षानुवर्षं उचल घेऊन कोळशाच्या भट्ट्यांवर जात आली, पावसाळा संपला की महिनोन्‌महिने घर सोडून. शेगडीत पडणाऱ्या त्या हलक्या काळ्या तुकड्यामागं भट्टीच्या धुरात काढलेली त्यांची हयात आहे. चुलीचा धूर कमी करण्यावर मराठी माणसांनी चांगलं कामही केलं आहे. डॉ. आनंद कर्वे यांनी पुण्यात उभारलेल्या आरती या संस्थेने सुधारलेल्या चुली आणि शेतीच्या कचऱ्यापासूनचा कोळसा यांवर मेहनत घेतली, तिला अ‍ॅशडेन पुरस्कार दोनदा मिळाला. पण सुधारलेली चूलही हवेशीर स्वयंपाकघरासाठी असते, निजायच्या खोलीसाठी नाही.

काय जाळतो, हाही प्रश्न आपल्या पट्ट्यात निकडीचा आहे. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारामुळं प्लाय, एमडीएफ, सनमायकाचे तुकडे इथं फुकटात मिळतात. ते चटकन पेटतात, म्हणून शेकोटीत जातात. त्यांतला गोंद जळला की फॉर्मल्डिहाइड सुटतो. कडेची प्लास्टिकची पट्टी पीव्हीसीची असेल तर हायड्रोजन क्लोराइड. एमआयडीसीतून येणाऱ्या पॅलेटच्या फळ्यांवर शिक्का पाहावा. एचटी असेल तर लाकूड नुसतं तापवून निर्जंतुक केलेलं असतं, एमबी असेल तर त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. शिक्का एचटी असला तरी त्या फळीवर काय सांडलंय हे आपल्याला कळायचा मार्ग नसतो, म्हणून कारखान्यातून आलेली डागाळलेली फळी जाळूच नये. रंगवलेलं दार, जीन्सच्या कारखान्यातल्या चिंध्या, टायर, दुधाच्या पिशव्या यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच बंदी घालून पाच हजार रुपयांपासून पुढं दंड ठरवला आहे. शेकोटीच्या नावाने कचरा जाळणं हाही कचरा जाळणंच आहे.

अलीकडं बदलापूर-कर्जत रस्त्याच्या आजूबाजूला बांधलेल्या शेतघरांत खरीखुरी भिंतीतली अंगीठी हौसेने बसवली जाते. हौस चांगली, पण आपले गवंडी धुरांडं बांधायला शिकलेले नाहीत, कारण ते त्यांना कधी लागलंच नाही. धुरांडं छपरातून बाहेर पडतं तिथून किमान तीन फूट वर हवं आणि दहा फुटांच्या आत असलेल्या छपराच्या कोणत्याही भागापेक्षा दोन फूट उंच हवं, नाही तर वारा धूर उलटा आत ढकलतो. चार महिन्यांच्या पावसाने आत पाणी उतरतं, पाखरं घरटं करतात, मधमाश्या पोळं धरतात. म्हणून पहिली आग पेटवण्याआधी बॅटरी मारून वरपर्यंत उजेड दिसतो का ते बघावं, मग एक कागद पेटवून धूर वर जातो की खोलीत येतो ते बघावं. स्वयंपाकघरातली विजेची चिमणी किंवा बाथरूमचा पंखा त्याच वेळी चालू असेल तर तो घरातली हवा ओढून घेतो आणि अंगीठीचा धूर खाली खेचतो. ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते.

लाकूड वाळलेलंच हवं. पावसाळ्यानंतर तोडलेलं, दिवाळीत फोडलेलं लाकूड डिसेंबरात ओलंच असतं. आडोशाला, जमिनीपासून उचलून, सहा महिने ते वर्षभर ठेवलेलं लाकूड चांगलं. दोन ओंडके एकमेकांवर आपटले की वाळलेलं खणखणतं, ओलं बद्द वाजतं. ओल्या लाकडाचा धूर धुरांड्याच्या आतल्या बाजूला डांबरासारखा थर धरतो आणि एखाद्या दिवशी तो थरच पेट घेतो. दरवर्षी तो खरवडून काढावा. पेटवताना रॉकेल, पेट्रोल, थिनर कधीही ओतू नये, विस्तव मंद झालाय म्हणून तर अजिबात नाही. बाटलीपर्यंत जाळ परत येतो. नायलॉनची साडी, ओढणी, पोरांची चमकती जॅकेटं वितळून कातडीला चिकटतात, म्हणून आगीजवळ सुती नाही तर लोकरीचं नेसावं-घालावं. भाजलंच तर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई काही नाही. मोठं भाजलं असेल तर आपल्याकडून ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर आवाक्यात आहे. राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात, घराबाहेर. वर गार दिसणाऱ्या राखेत निखारा दोन-तीन दिवसही जिवंत राहतो. आणि अशा घरात कार्बन मोनॉक्साइड ओळखणारं बॅटरीवरचं यंत्र निजण्याच्या खोलीत लावावंच. युरोपीय मानकानुसार हवेत दर दहा लाख भागांत ३०० भाग वायू झाला की तीन मिनिटांच्या आत ते ठणाणा करतं. ज्या वायूची चाहूल आपल्या नाका-डोळ्यांना लागत नाही, तिथं तेवढाच एक आवाज कामी येतो.

शेतघरवाल्यांना हे सगळं परवडतं. माझं मन घुटमळतं ते नव्या टॉवरांच्या पायथ्याशी असलेल्या पत्र्याच्या खोल्यांपाशी. वऱ्हाडातून, मराठवाड्यातून, बिहार-बंगालमधून आलेले बांधकाम मजूर तिथं राहतात. रात्री पत्रा बर्फासारखा गार पडतो. दिवसभर सिमेंट वाहिलेलं घमेलं धुऊन त्यात निखारे भरले जातात, धूर संपला की ते आत नेलं जातं, फटींत गोण्या कोंबल्या जातात. त्यांना यातलं विज्ञान कुणी सांगितलेलं नाही आणि सांगितलं तरी बिनपांघरुणाचा माणूस काय करणार? १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याच्या कलम ३४ नुसार मालकाने कामगारांना कामाच्या जागी किंवा जवळ विनाशुल्क तात्पुरतं घर द्यायचं होतं, आणि त्यात स्वयंपाकाची जागा वेगळी असायला हवी होती. म्हणजे चूल एका जागी आणि झोप दुसऱ्या जागी, हे त्या कायद्यानेच सांगितलं होतं. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपालिकांनी, कामगार विभागाने, नोव्हेंबर उजाडताच या खोल्या एकदा आतून पाहाव्यात. पत्र्याच्या वरच्या कडेला बंद करता येणार नाही अशी हातभर झडप, माणशी दोन ब्लँकेटं, वॉचमनला केबिनबाहेर शेकोटीची ठरवून दिलेली जागा आणि मजुराच्या भाषेत भिंतीवर चार शब्द की निखारे आत नेऊ नका. एका फ्लॅटच्या किमतीपुढं हा खर्च हिशेबातही धरण्याजोगा नाही. ज्या सोसायट्यांच्या बैठका जानेवारीत पार्किंगवर रंगतात, त्यांनीही या वर्षी आधी विचारावं, आपला रात्रपाळीचा माणूस दोन वाजता केबिनचं दार लावून आत काय पेटवतो.